ट्रेलरने सहा आठवडे भटकंती: नेट कसं टिकवायचं, तेही स्वस्तात? (मदत हवी आहे)

सांगलीची हळद

मंडळी, आम्ही सॅक्रामेंटोजवळ राहतो. जूनमध्ये सासू-सासरे सांगलीहून येतायत आणि त्यांना घेऊन सहा आठवडे ट्रेलरने फिरायचं ठरलंय. ट्रेलर २२ फुटी, सेकंडहँड, बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा. हायवे ५० ने नेवाडा आडवा कापायचा (फॅलन, ऑस्टिन, युरेका, ईली), ग्रेट बेसिन बघायचं, मग युटात कॅपिटल रीफ आणि मोॲब, तिथून वर यलोस्टोन आणि आयडाहोमधून परत. निम्मे मुक्काम आरव्ही पार्कात (ट्रेलर लावायच्या भाड्याच्या जागा) आणि निम्मे बीएलएमच्या (ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट) सरकारी जमिनीवर. तिथे फुकट राहता येतं, पण वीज, पाणी, वायफाय असलं काही नसतं.

माझी सुट्टी तीनच आठवड्यांची आहे. उरलेले तीन आठवडे आठवड्यातून तीन दिवस, पॅसिफिक वेळेनुसार सकाळी ८ ते दुपारी २, मला काम करायचंय. रोज एक-दोन मीटिंगा, बाकी ईमेल आणि एक्सेल. साहेबांनी "दिसलीस ना वेळेवर, मग कुठूनही कर" म्हणून सोडलंय, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात गायब होणं परवडणारं नाही.

एप्रिलमध्ये रंगीत तालीम म्हणून तीन दिवस जाऊन आलो आणि घाबरले. आमचा प्लॅन 'अनलिमिटेड' आहे म्हणून निर्धास्त होते. पण तो फोनपुरता अनलिमिटेड, हॉटस्पॉटला वेगळी मर्यादा, हे पहिल्या दिवशी दुपारी कळलं. तोवर चिरंजीवांनी आयपॅडवर दोन सिनेमे बघून कोटा फस्त केला होता. आरव्ही पार्कचं वायफाय रात्री अकरानंतर बरं चालायचं, म्हणजे सगळे झोपल्यावर. आणि ट्रेलरच्या आत फोनवर सिग्नलची एक काडी, दार उघडून पायरीवर बसलं की तीन.

शिवाय सासूबाईंची मालिका. ती भारतात रात्री ८ ला लागते, म्हणजे युटात सकाळी साडेआठ, बरोबर माझं काम सुरू व्हायच्या तोंडावर. सासऱ्यांना ई-पेपर, व्हॉट्सॲप आणि बँकेचे ओटीपी लागतात. एफडी रिन्यू करायच्यात, आणि त्या जुलैतच संपतायत, दुसरं काय.

सध्याच्या फोनबिलाव्यतिरिक्त महिन्याला शंभर डॉलरपर्यंत खर्च करू शकते. सिग्नल बूस्टर घेऊ का? वेगळा हॉटस्पॉट घेऊ का? की घरात पडलेला जुना आयफोन ८ वापरून भागेल? सासऱ्यांच्या सांगलीच्या फोनमध्ये इथलं सिम चालेल का? जाणकारांनी कृपया सांगा.

चाकावरचा संसार

आम्ही पाच उन्हाळे ट्रेलरमध्ये काढले, त्यातून सांगतो. एकाच कंपनीचा महागडा प्लॅन घेण्यापेक्षा दोन वेगळ्या नेटवर्कचे स्वस्त प्लॅन घ्या. इथे देशभराची मोठी नेटवर्क तीनच: व्हेरायझन, एटी अँड टी आणि टी-मोबाइल. बाकीची नावं बहुतेक त्यांच्याच टॉवरवर चालतात. व्हिजिबल व्हेरायझनवर, क्रिकेट एटी अँड टीवर, मिंट टी-मोबाइलवर. म्हणून मिंट आणि टी-मोबाइल असं दोन्ही घेतलं तर काही उपयोग नाही, ते एकाच विहिरीवर दोन रहाट बसवल्यासारखं होईल. तुमचं आत्ताचं नेटवर्क कुठलं ते बघा आणि दुसरं सिम त्याहून वेगळ्या टॉवरचं घ्या.

स्वस्त प्लॅनमध्ये टॉवरवर गर्दी झाली की तुमचा नंबर मागे लागतो. नेवाडाच्या वाळवंटात हे जाणवणारही नाही, कारण गर्दी करायला तिथे माणूसच नसतो. जुलैत यलोस्टोनला मात्र सिग्नलच्या काड्या पूर्ण दिसतील आणि पान उघडणार नाही.

आयफोन ८ विसरा. लांब पल्ल्याचा सिग्नल ६०० आणि ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात असतो आणि टी-मोबाइलचा ६०० वाला बँड ७१ आयफोन ८ मध्ये नाहीच. तो आयफोन टेनआर, टेनएसपासून (XR, XS) आला. सेकंडहँड टेनआर मिळाला तर तोच हॉटस्पॉट म्हणून वापरा. फक्त अनलॉक्ड आहे ना, म्हणजे कुठल्याही कंपनीचं सिम घेतो ना, ते बघून घ्या. वेगळा राउटर घ्यायचा विचार असेल तर अटी वाचा. फोनसाठीचे बरेच प्लॅन राउटरमध्ये सिम घातलं की बंद पडतात.

बूस्टरवर इतक्यात पैसे घालू नका. तो असलेला सिग्नल मोठा करतो, नसलेला आणत नाही. बाहेरचा अँटेना आणि आतला अँटेना यांत बरंच अंतर लागतं, नाहीतर माइक स्पीकरसमोर धरल्यावर शिट्टी वाजते तसं होतं आणि बूस्टर स्वतःच आपली ताकद कमी करतो. २२ फुटात ते अंतर जेमतेम मिळतं. वर तो आपल्या मोबाइल कंपनीकडे नोंदवावा लागतो, तसा नियमच आहे.

पत्र्याच्या ट्रेलरवर आमचा उपाय फुकटातला आहे. हॉटस्पॉटचा फोन खिडकीच्या काचेला टेकवून ठेवायचा. आम्ही सक्शन कपवाला स्टँड लावला. लॅपटॉप आत, फोन काचेवर. तुम्ही पायरीवर बसून केलंत, तेच हे. फक्त उन्हाची खिडकी नको, फोन तापला की हॉटस्पॉट मंदावतो किंवा बंद पडतो.

गूळपोळी

स्टारलिंक मिनी (उपग्रहावरून नेट देणारी छोटी डिश) घ्या आणि मोकळ्या व्हा. एवढं काय डोकं लावताय.

सांगलीची हळद

@चाकावरचा संसार, दंडवत! विहीर-रहाट वाचून सासऱ्यांना फोनवर सांगितलं, त्यांना माझ्यापेक्षा लवकर कळलं.

@गूळपोळी, मोकळी झाले असते, पण वीज किती खाते? आमच्याकडे १०० अँपिअर-तासाची एकच साधी लेड-ॲसिड बॅटरी आणि छपरावर एक जुनं सोलर पॅनेल आहे. फ्रिज गॅसवर चालतो.

खटपट्या

हिशोब करू. मिनी साधारण २५ ते ४० वॉट खाते. ३० धरा. तुमच्या कामाचे सहा तास म्हणजे १८० वॉट-तास, १२ व्होल्टवर १५ अँपिअर-तास. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवायची नसते, म्हणजे तुमच्या हाताशी ५०. त्यातून पंप, दिवे, फोन चार्जिंग आणि लॅपटॉप. जमेल, पण दिवसभर चालू ठेवून नाही. मिनी थेट १२ व्होल्टवर चालते, त्यामुळे इन्व्हर्टरमधून घेऊ नका, वीज उगाच वाया जाते. केबल मात्र जाड आणि आखूड घ्या. बारीक लांब केबलमध्ये व्होल्टेज पडतं आणि डिश पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत बसते. माझी दोन दिवस झाली. मी सॉफ्टवेअरला शिव्या घालत होतो, दोष माझ्या वायरचा.

पैशाचं म्हणाल तर मर्यादित डेटाचा रोमिंग प्लॅन महिन्याला ५० डॉलरच्या आसपास, अमर्याद घेतलात तर तिप्पट. किट वेगळं. दर आणि अटी सारख्या बदलतात, घ्यायच्या दिवशीच साइटवर बघा.

आणि झाडं. डिशला उघडं आकाश लागतं. ग्रेट बेसिनच्या पायथ्याला, मोॲबच्या बीएलएमवर झकास चालेल. यलोस्टोनच्या कॅम्पग्राउंडात लॉजपोल पाइनच्या गर्दीत दर मिनिटाला तुटेल आणि मीटिंगमध्ये तुमचा चेहरा तोंड उघडं ठेवून गोठेल. म्हणजे जिथे मोबाइल चालत नाही अशा उजाड जागी ती हवी, आणि झाडीत सावलीत ती असून नसून सारखी. माझं मत विचाराल तर तीनच आठवड्यांचं काम असताना पहिल्या वर्षी घेऊ नका. कामाचे दिवस गावाजवळ काढा.

ओटीपीची वाट

आईवडील दरवर्षी येतात, त्यामुळे ओटीपीवर माझी पीएचडी झाली आहे.

भारतातून निघायच्या *आधी* त्यांच्या सिमवर इंटरनॅशनल रोमिंग चालू करून घ्या. इथे येऊन ते करायला गेलात तर कस्टमर केअर त्याच नंबरवर ओटीपी पाठवणार, आणि तो येणार नाही. येणाऱ्या एसएमएसला सहसा पैसे पडत नाहीत, पण कॉल उचलला की पडतात. डेटा रोमिंग बंद ठेवा. नंबरची वैधता सहा आठवड्यांनंतरही उरेल इतकं रिचार्ज करून घ्या.

इथे घेतलेला आयफोन १४ किंवा पुढचा असेल तर त्यात सिमची खाचच नसते, फक्त ई-सिम. सांगलीचं प्लास्टिकचं सिम त्यात घालायचं मनात असेल तर सोडून द्या.

बाबांच्या फोनमध्ये इथलं सिम टाकू नका असंच म्हणेन. भारतात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच फोनमध्ये व्हेरायझनचा बँड १३ किंवा टी-मोबाइलचा ७१ नसतो. शिवाय २०२२ मध्ये इथलं ३जी बंद झाल्यापासून कॉलसुद्धा ४जी-५जीवरूनच जातात, आणि कंपनीच्या यादीत नसलेल्या फोनला काही ठिकाणी कॉलच लागत नाही. त्यांचं भारताचं सिम ओटीपीसाठी राहू द्या आणि फोन तुमच्या हॉटस्पॉटच्या वायफायवर ठेवा.

एफडीचं मात्र निघण्याआधी सांगलीतच बँकेत जाऊन ऑटो रिन्यूअल टाकून या. ऑस्टिन आणि युरेकाच्या मध्ये, हायवेच्या कडेला, ओटीपीची तीन मिनिटं मोजत बसण्यात मजा नाही.

चाकावरचा संसार

ओटीपीवाल्यांचं १००% बरोबर.

मालिकेवर एक उपाय राहिला. थेट बघायचा हट्ट नसेल तर डाउनलोड. एचडी व्हिडिओ तासाला ३ जीबीपर्यंत खातो, साध्या दर्जाचा १ जीबीच्या आत. छोट्या पडद्यावर सासूबाईंना फरक कळणार नाही. इथल्या बहुतेक गावांत सार्वजनिक वाचनालय असतं, वायफाय फुकट, कार्ड सहसा मागत नाहीत. आठवड्यातून दोनदा गाडी तिथे थांबवायची, मालिका, मुलाचे सिनेमे, ऑफलाइन नकाशे असं सगळं उतरवून घ्यायचं. बंद असलं तरी पार्किंगमध्ये बहुतेकदा वायफाय येतं. फोटोंचा क्लाउड बॅकअप हॉटस्पॉटवर बंद ठेवा, चोर तोच असतो.

मीटिंगला व्हिडिओ बंद, आणि नेट अगदीच लंगडं असेल तर मीटिंगच्या नंबरवर साधा फोन लावून सामील व्हा. त्याला डेटा लागतच नाही.

मुक्काम ठरवताना कंपन्यांच्या नकाशावर भरवसा ठेवू नका. कँपेंडियमसारख्या कॅम्पिंगच्या जागांच्या साइटवर लोक त्या त्या जागी कुठल्या नेटवर्कला किती काड्या येतात ते लिहून ठेवतात, ते वाचा. यलोस्टोनमध्ये मॅमथ, ओल्ड फेथफुल, कॅनियन, ग्रँट अशा वस्तीच्या ठिकाणी थोडंफार मिळतं, मधल्या रस्त्यांवर विसरा. तिथले कामाचे दिवस पार्कबाहेर, गार्डिनर किंवा वेस्ट यलोस्टोनला काढा.

आणि दुसरं सिम विकत घेण्याआधी बघा, काही कंपन्या ई-सिमवर काही दिवसांची मोफत चाचणी देतात. ती घरी बसून संपवू नका, रस्त्यावर निघाल्यावर सुरू करा.

गूळपोळी

मी तरीही स्टारलिंक म्हणतोय.

सांगलीची हळद

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं ते असं. माझा फोन आहे त्याच नेटवर्कवर, सोबत सेकंडहँड टेनआर घेऊन त्यात दुसऱ्या टॉवरचा २५ डॉलरचा प्लॅन. त्यात हॉटस्पॉटला मर्यादा नाही, पण वेग ५ एमबीपीएसला बांधलेला आहे. घरी मुद्दाम आठवडाभर त्यावरच काम करून बघितलं. मीटिंग चालते, एक्सेल चालतं, आणि चिरंजीव शेजारी गेम अपडेट करायला बसले की काहीच चालत नाही. त्याला अल्टिमेटम दिलाय. स्टारलिंक यंदा नाही. बूस्टर कार्टमधून काढला. सासरे उद्याच बँकेत जातायत आणि जाताना "हायवे ५० वर एटीएम असतं का" असं विचारून गेले.

सांगलीची हळद

(जूनमधला अपडेट, कोणाला उपयोग झाला तर.) ईलीच्या वाचनालयाबाहेर पार्किंगमध्ये आहोत. फॅलन सोडल्यावर दोन्ही नेटवर्क आलटून पालटून गेली. ऑस्टिनमध्ये एक मिळालं, युरेकात दुसरं, मधल्या घाटांत एकही नाही. तिथे माझ्या आयफोनचं उपग्रहावरचं एसओएस आहे एवढाच धीर होता, वापरावं लागलं नाही. खिडकीच्या काचेवरचा फोन ही सर्वात कामाची गोष्ट निघाली, सक्शन कप मात्र उन्हाने निसटतो, आता चिकटपट्टी लावलीये.

सासूबाईंचे सहा भाग उतरलेत. सातवा ७२ टक्क्यांवर आहे आणि त्या पूर्ण झाल्याशिवाय गाडी हलवू देत नाहीयेत. तोवर विचारते: कॅपिटल रीफजवळ टॉरेमध्ये कोणी काम केलंय का? सोमवारी सकाळी ९ ला मीटिंग आहे.