१३ पानं, १३० डॉलर
कुणीकुणी म्हणतं की ॲक्शन कॉमिक्स या अमेरिकन चित्रकथा-मासिकाचा पहिला अंक म्हणजे सुपरमॅनचा अंक, तर तसं नाहीये हो, १९३८ चा तो अंक म्हणजे चक्क भेळ, १० सेंटला सुपरमॅन, झटारा जादूगार, काऊबॉय सगळं एकत्र, त्यात सुपरमॅनची पानं फक्त १३. तीपण सुपरमॅनचे निर्माते सीगल आणि शुस्टर यांनी पेपरसाठी काढलेल्या पट्ट्या कापून, चिकटवून जुळवलेली, कारण पेपरवाले घेतच नव्हते! कव्हरवर हिरवी गाडी आपटणारा सुपरमॅन सगळ्यांना आठवतो, पण खाली डावीकडे डोकं धरून पळणारा माणूस बघा, मला तोच जाम आवडतो. आणि दोघांनी सुपरमॅनचे हक्क विकले १३० डॉलरला, म्हणजे पानाला १०. मग कोर्टकचेऱ्या, आणि १९७५ ला कुठे दोघांना पेन्शन नि निर्माते म्हणून नाव मिळालं, तोवर शुस्टरला धड दिसतही नव्हतं.