‘द फॉग ऑफ वॉर’ : मॅकनमाराला धरलं की सोडलं?

कोरी पाटी

एरल मॉरिसच्या या माहितीपटाला (२००३) ऑस्कर मिळालं आणि तेव्हापासून तो ‘सत्तावानाला उघडा पाडणारा’ म्हणून गाजतो. मला तर रॉबर्ट मॅकनमारा त्यातून सहीसलामत निसटलेला दिसतो. १९६० च्या शेवटी फोर्ड कंपनीचा अध्यक्ष, काही आठवड्यांत केनेडींचा संरक्षणमंत्री, १९६८ पर्यंत त्या खुर्चीत, मग १९८१ पर्यंत जागतिक बँक. एवढ्या कारकिर्दीला पडद्यावर साक्षीदार एकच: तो स्वतः. वय ८५, बुद्धी तल्लख, डोळे वेळेवर पाणावणारे. दुसऱ्या महायुद्धात तो अमेरिकी हवाई दलात हल्ल्यांची आकडेमोड करणारा अधिकारी होता. टोकियोवरच्या मार्च १९४५ च्या आगबॉम्बहल्ल्यात एका रात्रीत लाखभर माणसं जळाली. त्यावर तो म्हणतो काय, तर शिफारस करणाऱ्या यंत्रणेचा आपण भाग होतो. वाक्यातून कर्ताच गायब!

तिरपी चौकट

असहमत. ते कर्ता हरवलेलं वाक्य तुम्ही ऐकलंत कुठे? याच माहितीपटात ना?

मॉरिसची ‘इंटरोट्रॉन’ची रचना बघा. कॅमेऱ्याच्या भिंगापुढे टेलिप्रॉम्प्टरची तिरकी काच, तिच्यावर मजकुराऐवजी प्रश्न विचारणाऱ्याचा चेहरा. उत्तर देणारा त्या चेहऱ्याकडे बघतो म्हणजे थेट प्रेक्षकाच्या डोळ्यांत बघतो. नेहमीच्या मुलाखतीत नजर भिंगाच्या बाजूला जाते, तिथे सारवासारव खपून जाते. इथे पापणी लवली तरी दिसते. शिवाय मुलाखतीतले तुकडे जोडताना सांधा लपवायला संपादक वरून दुसरं दृश्य टाकतो. मॉरिस कितीदा तरी झटका तसाच ठेवतो. इथे काहीतरी कापलंय, हे प्रेक्षकाला कळतं. बॉम्बच्या जागी विमानातून आकडे पडतात, ती टिप्पणी मॅकनमाराची नाही.

जुनी फाईल

यंत्र उत्तम, पण पुराव्याची निवड? दोन ध्वनिफितींवर व्हिएतनामचा भाग तोलला आहे. २ ऑक्टोबर १९६३: व्हिएतनाममधले अमेरिकी लष्करी सल्लागार मागे घ्यायची वेळ ठरवा, असं मॅकनमारा केनेडींना सांगतो. २५ फेब्रुवारी १९६४: माघारीची भाषा मला मूर्खपणाची वाटत होती, असं केनेडींनंतरचे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन त्याला ऐकवतात. दोन्ही खऱ्या. पण लागोपाठ ऐकल्या की तो शांततावादी वाटतो आणि पाप सगळं जॉन्सनच्या माथी जातं. १९६३ चे सुमारे १६ हजार सल्लागार १९६७ अखेर पावणेपाच लाखांहून जास्त सैनिक झाले, तेव्हा खातं कुणाकडे होतं?

टोंकिनचं आणखी वाईट. टोंकिनच्या आखातात अमेरिकी युद्धनौकांवर उत्तर व्हिएतनामने केल्याचा सांगितलेला ४ ऑगस्ट १९६४ चा हल्ला झालाच नव्हता, हे तो कबूल करतो, पण ‘समजण्यातली चूक’ म्हणून. ६ ऑगस्टला सिनेट समितीसमोर त्याने शपथेवर सांगावं तशा ठामपणे सांगितलं होतं की दक्षिण व्हिएतनामच्या किनारी कारवायांशी आमच्या नौदलाचा काही संबंध नाही, त्यांची माहितीही नव्हती. त्या कारवाया अमेरिकेच्याच योजनेतल्या होत्या. दुसऱ्या दिवशी जॉन्सनना लष्करी कारवाईची मुभा देणारा ठराव मंजूर: सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २, प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध ०. याला चूक म्हणायचं?

पाणकोंबडा

टोंकिनबद्दल +१. १९६२ च्या क्यूबा क्षेपणास्त्र पेचाच्या भागातही वजन थॉम्पसन या मॉस्कोतल्या माजी अमेरिकी राजदूताच्या सल्ल्यावर पडतं. तुर्कस्तानातली ज्युपिटर क्षेपणास्त्रं काढून घ्यायचं गुपचूप वचन केनेडींनी दिलं होतं, त्याशिवाय तो पेच समजतच नाही.

तिरपी चौकट

फाईलवाल्यांशी अंशतः सहमत, ध्वनिफितींची निवड एकांगी आहे. पण माहितीपटाचे भाग ज्या ‘अकरा धड्यां’च्या मथळ्यांखाली मांडलेत, ते मॅकनमाराचे समजून लोक चिडतात, ते मथळे मॉरिसने त्याच्या बोलण्यातून काढलेत. आयुष्यभर आकडेमोडीवर विसंबलेल्या माणसाच्या डोक्यावर ‘विवेकबुद्धी आपल्याला वाचवणार नाही’ अशी पाटी लावणं, ही सहानुभूती नव्हे.

कोरी पाटी

मथळ्यांचं मान्य. आता शेवट बघा. १ नोव्हेंबर १९६७ ला त्याने जॉन्सनना लेखी कळवलं की हे धोरण पुढे चालवण्यात अर्थ नाही. फेब्रुवारीत पद सोडलं आणि १९९५ मध्ये पुस्तक येईपर्यंत युद्धाच्या चुकीबद्दल जाहीरपणे अवाक्षर नाही. तोंड का उघडलं नाहीत, हा प्रश्न मॉरिस विचारतो खरा, पण समारोपात, आणि आवाज फोनवरचा वाटतो. चित्रात मॅकनमारा गाडी चालवतोय. ‘याहून जास्त बोलणार नाही,’ असं म्हणून तो विषय मिटवतो. तुमचं ते पापणी टिपणारं यंत्र नेमकं त्याच प्रश्नाला जागेवर नव्हतं.