गोळ्यांमुळे लेकीचं वजन ११ किलोने वाढलंय आणि आता ती गोळ्याच चुकवायला लागलीये

थकलेली_आई:
नमस्कार, बरेच दिवस नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. मुलगी १५ वर्षांची, ५ महिन्यांपूर्वी बायपोलरचं (मूड टोकाचा वर-खाली होण्याचा आजार) निदान झालं. त्याच्या आधीचा महिना कसा काढला ते लिहीत नाही, ज्यांच्या घरात मेनिया (मूड टोकाचा चढण्याचा काळ) येऊन गेलाय त्यांना वेगळं सांगायला नको. ओलान्झापिन आणि लिथियम, मूड ताब्यात ठेवणाऱ्या गोळ्या, सुरू झाल्या आणि खोटं कशाला बोलू, तीन आठवड्यांत माझी पोरगी मला परत मिळाली, झोपायला लागली, शाळेत जायला लागली, एकदा तर हसली पण.

पण वजन ५१ वरून ६२ वर गेलं. जेवून उठते आणि अर्ध्या तासात परत फ्रीज उघडून उभी, रात्री उठून खाते, काही बोललं की रडते, म्हणते आई पोट भरलंय हे मला कळतच नाही गं. मी सुरुवातीला ओरडले, डबे लपवले, मग तीही लपवून खायला लागली. आणि गेल्या आठवड्यात चादरी बदलताना उशीच्या अभ्र्यात ९ गोळ्या सापडल्या. ते बघून माझे हातपायच गळाले.

डॉक्टर म्हणाले आधी मूड स्थिर होऊ दे, वजनाचं नंतर बघू. त्यांचं बरोबरही असेल पण नंतर म्हणजे कधी? कुणी यातून गेलंय का?

शांतपणे_सांगतो:
ताई, वजनाचं मागून बोलू, आधी त्या ९ गोळ्या. डॉक्टरांना सांगितलंत का? नसेल तर आजच फोन करा, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. गोळ्या कोणत्या आहेत ते ओळखून सांगा, लिथियमच्या असतील तर जास्तच महत्त्वाचं, कारण लिथियम अचानक सुटलं की आजार उलटून येण्याचा धोका मोठा असतो. आणि चुकलेल्या गोळ्या एकदम देऊन भरपाई करायला जाऊ नका.

आता आमचं सांगतो. मुलगा आता १९ चा आहे, १६ व्या वर्षी क्वेटियापिन या ओलान्झापिनसारख्याच औषधावर ९ किलो वाढला होता. आम्हीही "नंतर बघू" ऐकलं. मग मी एक केलं, दर रविवारी सकाळी एकाच काट्यावर वजन, महिन्यातून एकदा उंची आणि कंबर, सगळं एका कागदावर तारखेनिशी, आणि तो कागद डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. "खूप वाढलंय हो" म्हटलं की ते मान हलवतात, आकडे समोर ठेवले की पेन उचलतात. हळूहळू अॅरिपिप्राझोलवर नेलं, जुनं कमी करत करत नवीन वाढवत, कित्येक आठवडे लागले. पहिला महिना त्याला पायात सारखी अस्वस्थता, एका जागी बसवेना, त्यावरही उपाय करावा लागला. वजन झरझर उतरलं नाही हं, आधी नुसतं वाढायचं थांबलं आणि त्याचाच आम्हाला इतका आनंद झाला.

नैसर्गिक_जगा:
एवढ्या लहान मुलीला असल्या गोळ्या?? महिनाभर बंद करून बघा, वजन आपोआप उतरेल. माझ्या मित्राने फॅट बर्नर घेतलं, दोन महिन्यांत ८ किलो कमी.

औषधांच्या_दुकानातून:
वरचा सल्ला कृपया कुणीही ऐकू नका. मी फार्मासिस्ट आहे म्हणून चिडून लिहितोय. फॅट बर्नरमध्ये बऱ्याचदा कॅफिन आणि तसलीच उत्तेजक द्रव्यं ठासून भरलेली असतात, बायपोलर असलेल्या मुलीची झोप त्याने उडाली तर मेनियाला आमंत्रणच. आणि गोळ्या बंद करणं म्हणजे काय ते ताईंनी स्वतः बघितलंय.

ताई, लेक खोटं बोलत नाहीये. ओलान्झापिन मेंदूतल्या हिस्टामिन आणि सेरोटोनिनच्या ज्या रिसेप्टरांवर बसतं तिथूनच भुकेचा आणि पोट भरल्याचा हिशोब चालतो, त्यामुळे तिला खरंच कळत नाही. डबे लपवून तो हिशोब दुरुस्त होत नाही. किशोरवयात तर मोठ्यांपेक्षा जास्त वाढतं. २००९ साली जामा या जर्नलमध्ये, ही औषधं आयुष्यात पहिल्यांदाच घेणाऱ्या ४ ते १९ वयाच्या मुलांचा अभ्यास आला होता, साधारण ११ आठवड्यांत ओलान्झापिनवर सरासरी ८.५ किलो, क्वेटियापिनवर ६.१, रिस्पेरिडोनवर ५.३ आणि अॅरिपिप्राझोलवर ४.४. म्हणजे बदललं तरी शून्य नाही हे लक्षात ठेवा. याच गटातल्या लुरासिडोनवर साधारण कमी वाढतं, पण ते किमान ३५० कॅलरींच्या खाण्यासोबत घ्यावं लागतं नाहीतर शरीरात नीट शोषलंच जात नाही, रिकाम्या पोटी गिळून "लागू पडत नाही" म्हणणारे मी बघितलेत. यातलं तिला काय चालेल ते डॉक्टरच ठरवणार, मेनिया कशाने आटोक्यात आलाय हेही त्यांना बघायचं असतं. औषध बदलायचं नसेल तर मेटफॉर्मिन (एरवी डायबिटीससाठी देतात ती गोळी) जोडता येईल का असं विचारा, या कारणासाठी किशोरवयीन मुलांनाही देतात, फरक मोठा पडत नाही पण पडतो, सुरुवातीला पोट बिघडू शकतं.

तपासण्या झाल्यात का? फास्टिंग शुगर, कोलेस्टेरॉल-ट्रायग्लिसराइड, बीपी. ओलान्झापिन सुरू करताना एकदा आणि साधारण ३ महिन्यांनी परत व्हायला हव्यात, तुमचे ५ महिने झाले. लिथियममुळे थायरॉईड मंदावू शकतं आणि त्यानेही वजन वाढतं, तेव्हा टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) पण. आणि १५ व्या वर्षी नुसता किलोचा आकडा बघू नका, उंची अजून वाढत असेल, वयानुसार बीएमआयचं पर्सेंटाइल, म्हणजे उंचीच्या मानाने तिचं वजन तिच्या वयाच्या मुलींमध्ये कुठे बसतं ते, काढायला सांगा.

मी_स्वतः_बायपोलर:
मला १६ व्या वर्षी निदान झालं, आता २७. ताई, गोळ्या मीही लपवायचे, मी मोज्यात. आजार आवडत होता म्हणून नाही, आरशात बघवत नव्हतं म्हणून. घरी येणारा प्रत्येक जण "अगं किती सुटलीस" म्हणायचा आणि आई बाजूला उभी राहून कसनुसं हसायची. मला त्या लोकांपेक्षा आईच्या त्या हसण्याचा राग यायचा. पुढच्या वेळी कुणी बोललं तर तिच्यासमोरच त्यांना गप्प करा, एवढं करा फक्त.

बाकी कामाला आलेल्या गोष्टी सांगते. लिथियमने घसा सारखा कोरडा पडायचा आणि मी दिवसभर कोल्ड्रिंक प्यायचे, ते साध्या पाण्यावर आणलं तेव्हा पहिला फरक दिसला, बाकी काहीच बदललं नव्हतं. गोड-तळलेलं घरात आणायचंच बंद केलं, पण सगळ्यांसाठी, भावासाठी सुद्धा. तो आठवडाभर माझ्याशी बोलला नाही, असो. कपाटाला कुलूप लावलं असतं तर मी चावी शोधली असती. रात्री झोपेच्या आधी ठरलेलं काहीतरी खायचं, पोट भरेल असं, म्हणजे मग उठून शोधाशोध कमी. संध्याकाळी चालायला बाबा सोबत यायचे, व्यायाम हा शब्द आम्ही कधी वापरलाच नाही. रात्री उशिरा मात्र दमवणारं काही करायचं नाही, माझी झोप बिघडली की सगळंच बिघडतं.

आणि खूप खाऊन झाल्यावर ती उलटी काढतेय का, किंवा दिवस दिवस उपाशी राहतेय का, यावर लक्ष ठेवा, पण पोलिसासारखं नको. तसं काही दिसलं तर तेही डॉक्टरांना सांगा, त्यावर वेगळे उपचार असतात.

औषधांच्या_दुकानातून:
उपाशी राहण्यावरून आठवलं. लिथियम चालू असताना क्रॅश डाएट, अचानक मीठ बंद, किंवा भरपूर घाम गाळून पाणी कमी, यातल्या कशानेही रक्तातली लिथियमची पातळी चढू शकते. हातांची जास्त थरथर, उलट्या-जुलाब, तोल जाणं, बोलणं जड होणं असं दिसलं तर थांबू नका, लगेच दाखवा. पाळीच्या दुखण्यासाठी आयबुप्रोफेन परस्पर देऊ नका, त्यानेही चढते.

थकलेली_आई:
सगळ्यांना खूप खूप धन्यवाद, काल रात्री वाचलं आणि बराच वेळ बसूनच राहिले. सकाळी डॉक्टरांना फोन केला. गोळ्या ओलान्झापिनच्या निघाल्या, लिथियम ती नीट घेत होती. गुरुवारी बोलावलंय, शुगर, लिपिड, टीएसएच आणि लिथियमची लेव्हल करून आणायला सांगितलीये. गोळी बदलण्याचं बोलू म्हणाले, मेटफॉर्मिनचं मी विचारलं तर म्हणाले रिपोर्ट बघून ठरवू.

लेकीला सांगितलं की गोळ्या सापडल्या, आणि मी चिडलेली नाहीये. खरं तर चिडले होते. तिला डबे लपवल्याबद्दल सॉरी म्हटलं. काही बोलली नाही, पण रात्री एक कागद आणून दिला, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न म्हणून. मला वाटलं वजनाचे असतील. पहिलाच प्रश्न, "गोळी बदलली तर मी परत तशी होईन का?" वजनाचा तिसरा होता. आता गुरुवारी ती आधी एकटी डॉक्टरांशी बोलणार, मी बाहेर बसणार, असं ठरलंय.

मी_स्वतः_बायपोलर:
तिला सांगा, हा प्रश्न मी अजून दर वेळी विचारते.

औषधांच्या_दुकानातून:
लिथियमच्या लेव्हलसाठी रक्त रात्रीच्या गोळीनंतर साधारण १२ तासांनी द्यायचं, सकाळचा डोस असेल तर तो रक्त दिल्यावर. शुगरसाठी उपाशीपोटी जायचंच आहे, दोन्ही एकाच वेळी होईल. साधं पाणी मात्र पिऊ द्या तिला.