४५० हेली: फॉरवर्ड फ्लाइट बसली आहे, आता पहिली कसरत कोणती घ्यावी?

मृण्मयी_सांगली

नमस्कार मंडळी. माझ्याकडे ४५० वर्गाची इलेक्ट्रिक हेली आहे. फ्लायबारलेस (डोक्यावर स्थिरतेचा दांडा नाही, ते काम इलेक्ट्रॉनिक युनिट करतं), ३२५ मिमीची कार्बन पाती, ३एस म्हणजे तीन सेलचे २२०० एमएएचचे पॅक, रेडिओ मोड २. टेल-इन (शेपूट माझ्याकडे), दोन्ही बाजूंचा साइड-इन आणि नोज-इन (नाक माझ्याकडे) हॉवर, म्हणजे हवेत एका जागी थांबणं, आता शांतपणे होतो. मैदानभर फेऱ्या, आडवा इंग्रजी आठ, दोन्ही दिशांची वळणं, हेही जमतं. हे सगळं मात्र नॉर्मल मोडमध्येच. आयडल-अपचं, म्हणजे कसरतीच्या मोडचं (मोटर पूर्ण वेगात राहते आणि पात्यांचा कोन उणेही जातो) बटण अजून फक्त सिमवर, संगणकाच्या सिम्युलेटरवर, वापरलंय.

आता हेली उलटी करायची फार ओढ लागलीय. सिमवर लूप (हवेत उभं वर्तुळ) आणि फ्लिप (जागच्या जागी कोलांटी) दोन्ही होतात, पण तिथे खाली पडली तर एक बटण दाबलं की नवी हेली हजर. इथे आमच्या भागात ऊस तुटून गेला की मोकळं रान मिळतं, आजूबाजूचे फड मात्र उभे असतात. उसात गेलेली हेली शोधणं म्हणजे काय, ते इकडच्यांना सांगायला नको.

विचारायचं ते असं: पहिली कसरत लूप घेऊ की फ्लिप? किती उंचीवर? आणि आयडल-अपसाठी कर्व्ह (काठी कुठे असताना पिच म्हणजे पात्यांचा कोन आणि थ्रॉटल म्हणजे मोटरचा जोर किती, त्या रेषा) कसे ठेवू?

आदित्य_पुणे

थेट फ्लिप घे. लूपला जागा लागते, वेग लागतो. फ्लिप जागच्या जागी होतो आणि हेली डोळ्यांसमोर राहते. तुझ्या फ्लायबारलेस युनिटमध्ये रेस्क्यू असेल तर ते एका स्विचवर लाव. गडबड झाली की स्विच ओढायचा, हेली स्वतः सरळ होऊन वर चढते. हल्ली शिकणाऱ्याने एवढी भीती बाळगायचं कारण उरलेलं नाही.

रोटरकाका_नाशिक

मृण्मयी, तुझा हॉवर चारही बाजूंनी बसलाय हे वाचून बरं वाटलं. खरा पाया तोच. आदित्य म्हणतो ते रेस्क्यू जरूर लाव, पण त्याच्या भरवशावर शिकू नकोस. रेस्क्यूला सरळ व्हायला उंची लागते, पॅकमध्ये जीव लागतो आणि तुझं बोट वेळेवर स्विचवर जावं लागतं. घाबरलेलं बोट वेळेवर जात नाही.

माझं सांगणं एवढंच आहे की कसरत शिकायच्या आधी तिच्यातून बाहेर पडायला शीक. हेली आकाशात कुठल्याही कोनात असो, तिथून सरळ होण्याचा एक रस्ता अंगठ्यांना पाठ हवा. त्यानंतर लूप काय आणि फ्लिप काय, त्या रस्त्याच्या अलीकडच्या गोष्टी आहेत.

हे का, ते सांगतो. सरळ उडताना हेली खाली येऊ लागली की आपण कलेक्टिव्ह (दोन्ही पात्यांचा पिच एकदम बदलणारी डावी काठी) वर ढकलतो. महिनोन्‌महिने तेच केल्यामुळे डावा अंगठा आता विचारत नाही, आपला आपण जातो. हेली पाठीवर असताना तोच अंगठा वर गेला तर पात्यांचा जोर जमिनीकडे लागतो आणि ती पूर्ण ताकदीने खाली येते. पहिल्या फ्लिपमध्ये तुटणाऱ्या बहुतेक हेल्या याच एका हालचालीने तुटतात. म्हणून सिमवर लूप ‘होतो’ का, हे बघू नकोस. हेली पाठीवर ठेव, उंची धर, खाली येऊ लागली की काठी खाली ओढ. हे न विचार करता झालं पाहिजे.

उलट्यात बाकीच्या काठ्यांचं काय होतं, तेही समजून घे. उलटी आणि शेपूट तुझ्याकडे, अशी असताना एलिरॉन (हेली डावी-उजवीकडे झुकवणारा) नेहमीसारखाच वागतो: उजवीकडे दिलास की उजवीकडे जाते. एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारा) आणि रडर (नाक डावी-उजवीकडे फिरवणारा) मात्र उलटे लागतात. पुढे ढकललंस तर हेली तुझ्याकडे येते. नवा माणूस इथेच गोंधळतो, कारण त्याला वाटतं सगळंच उलटं झालं असेल.

आता बाहेर पडायचे रस्ते दोन. एलिरॉनने अर्धा रोल दिलास तर नाक जिकडे होतं तिकडेच राहतं. एलिव्हेटरने अर्धा फ्लिप दिलास तर नाक आणि शेपूट यांची अदलाबदल होते. म्हणजे उलटी आणि शेपूट तुझ्याकडे असताना एलिव्हेटरने सरळ केलीस तर समोर नोज-इन येणार. एलिरॉनने केलीस तर टेल-इन, आपलं ओळखीचं घर. सिमवर आधी हा एलिरॉनचा रस्ता पक्का कर. उलटी जाईल तिथून अर्धा रोल, काठी मधून वर, थांब. परत. कंटाळा येईपर्यंत.

मोठ्या हेलिकॉप्टरशी तुलना करून घाबरू नकोस. दोन पात्यांचं झुलतं डोकं असलेल्या खऱ्या हेलिकॉप्टरला ऋण जी (माणूस आसनावरून वर उचलला जाईल असा उलटा भार) चालतच नाही, रोटरचं हब मास्टवर, म्हणजे उभ्या दांड्यावर, आदळून मास्टच तुटू शकतो. आपल्या मॉडेलचं डोकं ताठ असतं, पाती दोन्ही अंगांनी सारखी असतात आणि पिच शून्याच्या खाली तितकाच जातो जितका वर जातो. म्हणून ती पाठीवरही तितक्याच आनंदाने उभी राहते. मात्र पाती खरंच सममित आहेत का ते बघ. वरून फुगीर आणि खालून सपाटसर अशी शिकाऊ पाती असतील तर ती उलट्यात धड उचलत नाहीत.

कर्व्ह. आयडल-अपमध्ये पिच सरळ रेषेत, खाली उणे १० पासून वर अधिक १० अंशांपर्यंत, आणि काठी बरोब्बर मध्ये असताना शून्य. हे शून्य रेडिओच्या पडद्यावर वाचून चालणार नाही, पात्याला पिच गेज लावून मोजायचं. मोटरची वायर काढून ठेव आणि मगच मोज. ईएससीमध्ये (मोटरच्या वेगाच्या नियंत्रकात) गव्हर्नर (फेरे कायम राखणारी सोय) असेल तर थ्रॉटल सपाट रेषेत ठेव. नसेल तर उथळ व्ही, म्हणजे दोन्ही टोकांना जास्त आणि मध्ये थोडा कमी. ४५० ला मिनिटाला २६०० ते २८०० फेऱ्यांच्या आसपास हेडस्पीड (मुख्य रोटरचा वेग) पुरे. त्याहून फार कमी ठेवलास तर पाती लवचिक होतात आणि जोरात एलिव्हेटर दिल्यावर शेपटीच्या बूमला लागू शकतात.

२८०० ला पात्याच्या टोकाचा वेग ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या वर जातो. हा आकडा भीती घालायला सांगत नाही, अंतर ठेवायला सांगतो. माणसं, गुरं, बांधावरची पोरं, सगळी तुझ्या पाठीमागे हवीत.

आयडल-अप जमिनीवर कधीच लावायचं नाही. हॉवरमध्ये स्थिर व्हायचं आणि मग स्विच. त्या काठीच्या जागेवर दोन्ही मोडचा पिच सारखा असेल तर हेली उडीही मारत नाही. आणि थ्रॉटल होल्डचं, म्हणजे मोटर तोडायचं, बटण डोळे मिटून सापडलं पाहिजे. हेली हातातून गेली असं वाटलं तर जमिनीला लागण्याआधी होल्ड. पाती फिरत आदळली आणि मोटर जोर लावत राहिली तर पाती, फेदरिंग शाफ्ट, मेन गिअर, बूम, सर्व्होचे दात, सगळंच जातं. होल्ड वेळेवर पडला तर पुष्कळदा पाती आणि शाफ्टवर निभावतं.

क्रम म्हणशील तर फ्लिपही नाही आणि लूपही नाही. पहिली स्टॉल टर्न घे. तिच्यात हेली पाठीवर जातच नाही, पण पिच शून्यावर आणायची सवय लागते, आणि पुढच्या सगळ्या कसरती त्या शून्यातून जातात. आयडल-अपमध्ये वेगाने समोरून जा, एलिव्हेटर हळूहळू मागे ओढत नाक आभाळाकडे कर, त्याच वेळी कलेक्टिव्ह मध्यावर आण. वर जाता जाता वेग मरत येतो. थांबायच्या जरा आधी रडर, नाक अर्धं फिरून खाली. रडर सोड, हेलीला खाली येऊ दे, मग एलिव्हेटर मागे आणि जसजशी आडवी होईल तसतसा पिच परत दे. सगळ्यात खालच्या टप्प्यातही झाडाच्या शेंड्यापेक्षा चांगली वर असली पाहिजे.

ती दोन्ही बाजूंनी सुंदर यायला लागली की लूप. वेगात एलिव्हेटर ओढायचा, सुरुवातीला थोडा धन पिच, माथ्यावर शून्य किंवा अगदी किंचित ऋण, उतरताना शून्य, तळाला परत धन. नवशिक्याचा लूप वरून चेपलेला दिसतो, कारण माथ्यावर पिच तसाच राहिलेला असतो आणि तो हेलीला खाली दाबतो.

फ्लिप त्यानंतर. उंच हॉवरमधून आधी कलेक्टिव्हने वर उसळू दे, मग एलिव्हेटर. काठीचा ताल तोंडाने म्हणत शीक: वर, मध्ये, खाली, मध्ये, वर. हेली उभ्या कडेवर आली की ‘मध्ये’, पाठीवर ‘खाली’. मी अजूनही नवीन हेलीचा पहिला फ्लिप हे म्हणतच करतो.

पॅकचंही बघ. हॉवरचा टायमर कसरतीला चालत नाही. प्रत्येक वेळी पिच भरून दिलास की करंट झपकन चढतो आणि व्होल्टेज बसतं. २२०० मधले १७५० च्या आसपास वापरून खाली ये, आणि नवी कसरत पॅकच्या पहिल्या अर्ध्यातच कर.

स्टुटगार्टकर

काकांनी क्रम अगदी नेमका सांगितलाय. आमच्या इथल्या क्लबातही स्टॉल टर्नपासूनच सुरू करतात. मॉडेल हेलिकॉप्टरचं जर्मनीत जुनं प्रेम आहे. डीटर श्ल्यूटर यांनी १९६० च्या दशकाच्या शेवटी इथेच नीट उडणारी रेडिओ हेली बनवली. त्या काळी ती हवेत स्थिर राहणं हाच सोहळा होता, उलटी उडवणं पुढच्या पिढीने केलं.

इथे विम्याशिवाय मॉडेल उडवताच येत नाही, कायदाच आहे. त्यामुळे ‘पायलट लाइन’ फार कडक पाळतात. कसरत नेहमी आपल्यासमोर, एका ठरलेल्या रेषेच्या पलीकडे, आपल्याला समांतर. स्वतःकडे येणारी कसरत नवशिक्याला करूच देत नाहीत. तू एकटी उडवत असशील तर जमिनीवर चुन्याची एक रेषा आखून घे. आणि उसाचा प्रश्न खरा आहे: लहानसा बझर हेलीवर लाव, स्वतःची छोटी बॅटरी असलेला. मुख्य पॅक निखळून पडला तरी तो ओरडत राहतो.

आदित्य_पुणे

काका, स्टॉल टर्नचं पटलं. मृण्मयी, उंचीबद्दल एक. डिजिटल स्काय नकाशावर (सरकारचा, ड्रोन-मॉडेल कुठे उडवता येतं ते दाखवणारा) आपलं रान हिरव्या भागात आहे का ते आधी बघ. हिरव्यात १२० मीटरपर्यंत परवानगी लागत नाही, पण चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ती मर्यादा ६० मीटर होते. तसंही ४५० साठी २५-३० मीटर खूप झाले. त्याहून वर गेली की ती सरळ आहे की उलटी हे कळेनासं होतं. कॅनोपी (पुढचं कवच) कुठल्या रंगाची आहे? ढगाळ हवेत पांढरी कॅनोपी वापरू नकोस.

मृण्मयी_सांगली

सगळ्यांचे मनापासून आभार. कॅनोपी पिवळी-काळी आहे, स्किडला केशरी टेप लावतेय म्हणजे खालची बाजू वेगळी दिसेल. रानही हिरव्या भागातच येतं.

काका, तुम्ही सांगितल्याप्रमाणे सिमवर स्टॉल टर्नला लागले. एक अडतंय. डावीकडून उजवीकडे जाते, नाक वर करते, पण वर चढताना हेली सरळ रेषेत जात नाही, आली त्या बाजूला, म्हणजे डावीकडे सरकत राहते. एलिव्हेटर जास्त ओढला जातोय का?

रोटरकाका_नाशिक

एलिव्हेटर नाही, पिच उरतोय. नाक आभाळाकडे असताना रोटरचा माथा आलेल्या बाजूला असतो, म्हणून जरा जरी धन पिच राहिला तरी ती तिकडे ओढली जाते. ऋण झाला तर उलट, पुढे उजवीकडे सरकेल. वर जाताना ती कुठे सरकते ते बघत काठी केसभर हलवून शून्य शोध. सिममध्ये वारा बंद ठेव, नाहीतर वाऱ्याचं सरकणं आणि पिचचं सरकणं वेगळं ओळखता येत नाही. नाक पूर्ण उभं आहे का तेही बघ. थोडं मागे झुकलेलं असेल तरी ती डावीकडेच जाईल, पण तेव्हा पिचने सुधारायचं नाही, एलिव्हेटर जरा पुढे द्यायचा.

उजवीकडून डावीकडेही तितकंच कर. बहुतेकांची एक बाजू कच्ची राहते. आणि रानात पहिल्या दिवशी रडर न देता नुसतं वर नेऊन बघ: नाक वर, पिच शून्य, वेग मरायच्या आत एलिव्हेटर पुढे देऊन आडवी कर आणि निघून जा. हेच तुझं बाहेर पडणं. ते दोन्ही बाजूंनी झालं की मग रडर.