मदत हवी आहे: अपेंडिक्समध्ये पू झाला तरी डॉक्टर ऑपरेशन करून नाही राहिले

कास्तकार७: लवकर सांगा. सोनोग्राफीत पू निघाला. नागपूरचे डॉक्टर म्हणतात आता कापायचं नाही, नळी टाकू, ऑपरेशनचं दीड-दोन महिन्यांनी पाहू. फुटलेलं तसंच पोटात ठेवायचं का? दुसरीकडे हलवू काय?

पांदण: पेशंट कोण, वय किती, कधीपासून, रिपोर्टात काय? काहीच नाही सांगितलं भाऊ.

कास्तकार७: मोठेबाबा. आठ दिवस झाले. गोळा ५ बाय ४ सेंमी.

बोंडअळी: माझ्या साळ्याचं त्याच रात्री दुर्बिणीनं केलं, तिसऱ्या दिवशी घरी. डॉक्टर बदला.

वॉर्डातली_ताई: साळ्याचं पहिल्या दिवशीचं असेल. आठ दिवसांत आतडं अन् चरबीचा पडदा फुटल्या जागेभोवती चिकटतात, पू तिथंच कोंडतो. अशा चिघळलेल्या गोळ्यात हात घातला तर आतडं फाटायची भीती, कधी उजवीकडचं आतडंही काढावं लागते. म्हणून सलाइनमधून अँटिबायोटिक अन् सोनोग्राफीत पाहत पाहत सुईनं नळी. मात्र पोट लाकडासारखं कडक झालं, ताप उतरेना, तर थांबत नाहीत. वय सांगा ना.

रानवारा: पेरूच्या बिया अडकतात. आमच्याकडं बंदच केल्या.

पांदण: मग गावात कोणाचं अपेंडिक्स शाबूत राहिलं असतं? पुष्कळदा आतलाच वाळका मळ अडकते.

रानवारा: तुम्ही डॉक्टर आहात काय?

बोंडअळी: पैसे किती मागितले ते सांगा आधी.

कास्तकार७: ५४ वय. एक राहिलं. पहिले तीन दिवस बोंबी सरकली म्हणून बाईकडून बसवून घेतली. वरून एरंडेल पाजलं.

वॉर्डातली_ताई: अरे देवा. दुखत्या पोटाची चोळाचोळ अन् जुलाब, दोन्ही नको. अपेंडिक्स असलं तर फुटायची भीती वाढते. दुखणं बोंबीपासून सुरू होऊन उजव्या कुशीत खाली उतरलं, मळमळ, ताप, की त्याच दिवशी दवाखाना. टाळायचा दुसरा उपाय नाही. अन् ५४ म्हणजे बरं झाल्यावर कोलोनोस्कोपीबद्दल (दुर्बिणीनं मोठं आतडं आतून पाहतात ते) नक्की विचारा. चाळिशीनंतर अशा गोळ्यामागं कधी मोठ्या आतड्याची गाठ लपलेली असते.

पांदण: सरकारी जनआरोग्य योजनेत असलेल्या दवाखान्यात तिचा आरोग्यमित्र बसलेला असते. राशनकार्ड, आधार घेऊन जा.

रानवारा: यंदा सोयाबीनला भाव काय राहील?

बोंडअळी: वेगळा धागा काढा राजा.

कास्तकार७: हलवलं नाही. सकाळी नळी टाकली. चाळीसेक एमएल निघालं, मातकट, वास असा की बाजूच्या खाटेवरच्यानं खिडकी उघडली. आता ताप ९९. मोठेबाबा चहा मागून राहिले. देऊ काय?

वॉर्डातली_ताई: इथं नका विचारू, ड्युटीवरच्या सिस्टरला विचारा.