मदत हवी आहे: स्टीम डेक जुना एलसीडी घ्यावा का ओएलईडी?

नमस्कार मंडळी, मी परभणीचा. हॅन्डहेल्ड (हातात धरून गेम खेळायचं मशीन) घ्यायचा लै दिवसांपासून विचार चालूय आणि आता एका ओळखीच्याकडं २०२२ चा स्टीम डेक एलसीडी बऱ्या भावात मिळून राहिलाय, पण २०२३ च्या ओएलईडी स्क्रीनवाल्या मॉडेलचं वाचलं की मन तिकडंच पळतंय, स्क्रीन ७ ची ७.४ इंच, चित्र बदलायचा वेग ६० हर्ट्झचा ९०, बॅटरी ४० वरून ५० वॉट-अवर आणि वर वजन ६६९ वरून ६४० ग्रॅम म्हणजे उलट कमीच केलंय. स्क्रीनचं मला एवढं काही नाही, रात्री खाटेवर पडून खेळणारा माणूस मी.

खरी भीती उन्हाळ्याची. बनवणारी वाल्व्ह कंपनीच म्हणते ३५ अंशाच्या वर मशीन स्वतःला स्लो करू शकतं, अन् आमच्याकडं मे महिन्यात दुपारी ४२-४३ तर ठरलेलंच, त्यात लाईट गेली की कूलर बी बंद. ओएलईडीत फॅन मोठा अन् हीटसिंक (आतली गरमी बाहेर काढणारा भाग) जाड केलाय म्हणतात, पण नांदेड, लातूर, बीडकडं कुणी खरंच उन्हाळ्यात वापरलाय का? एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) किती पडतात, हाताला चटका बसतो का, लाईट नसताना ४५ वॉटच्या पॉवरबँकवर खेळता खेळता चार्ज होतो का?

आणि जुना घेताना स्टिक ड्रिफ्ट (बोट न लावता स्टिक आपोआप सरकल्यासारखी चालणं) कसं चेक करायचं तेबी सांगा, हॉल इफेक्टच्या (चुंबकावर चालणाऱ्या) स्टिक नंतर घरी बसवता येतात ना? रविवारी बघायला जायचंय, त्याच्या आधी सांगितलं तर बरं होईल.