मदत हवी आहे: पीसीओडी, आहारातून अजून काय बंद करू?

इंदूरकरीण:
सोनोग्राफीत पीसीओडी (अंडाशयात बारीक गाठी, हार्मोन बिघडून पाळी अनियमित) निघालं. डॉक्टरीणबाईंनी दोन मिनिटांत "वजन सांभाळा, बाहेरचं खाऊ नका" म्हणून वाटेला लावलं. गहू, भात, दूध, साखर सगळं बंद करून झालं, तरी पाळीचा पत्ता नाही, उलट लांबतच चाललीये. अजून काय बंद करू? गूगल करा म्हणू नका. तिथे एक म्हणतो दूध विष, दुसरा म्हणतो पनीर खा. लवकर सांगा प्लीज.

मेथीदाणा:
रात्री चमचाभर मेथ्या भिजत घाला, सकाळी अनशापोटी चावून खा, वर तेच पाणी. माझ्या जावेची पाळी यानेच सुरळीत झाली. गहू सोडलात ते उत्तम, आता ज्वारी-बाजरीच.

बडोद्याचा_शशी:
ज्वारी म्हणजे पण कार्बच (पिष्टमय). बायकोने कीटो (कार्ब जवळजवळ बंद, तूप-लोणी जास्त) केलं, फरक पडला. इन्सुलिन वाढलं की अंडाशयात पुरुषी हार्मोन जास्त तयार होतं, सगळं मूळ तिथे. भाकरीही बंद करा.

मेथीदाणा:
आणि कीटो सोडल्यावर वहिनींचं वजन किती परत आलं तेही लिहा की.

ग्वाल्हेरची_माई:
अगं, घाबरू नकोस. माझ्या सुनेलाही हेच होतं, आज नातू अंगणात धुडगूस घालतोय. दिवस राहायला वेळ लागतो, पण राहतात. लग्नाला किती वर्षं झाली तुझ्या?

इंदूरकरीण:
माई, माझ्यासाठी नाही विचारत हो! मुलीसाठी. दहावीला आहे, १५ ची.

तिखट_पण_खरं:
हे पहिल्या ओळीत नको होतं का? पहिली पाळी कधी आली? किती दिवसांनी यायची? हनुवटीवर राठ केस, खूप मुरुमं, मानेवर काळपटपणा? रक्ताच्या तपासण्या?

इंदूरकरीण:
आठवीत आली, १३ पूर्ण झाल्यावर. ४०-४२ दिवसांनी यायची. केसबिस नाहीत, एखादी पुटकुळी. मान स्वच्छ. रक्त नाही तपासलं, नुसती सोनोग्राफी. पण मी आहाराचं विचारलं होतं, ते राहिलंच बाजूला.

तिखट_पण_खरं:
आहाराकडेच येतेय. पाळी सुरू झाल्यावर पहिल्या वर्षानंतर तिसऱ्या वर्षापर्यंत २१ ते ४५ दिवसांचं अंतर चालतं. म्हणजे ४०-४२ मध्ये वावगं काही नव्हतं. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात की किशोरवयात सोनोग्राफीवरून हे निदान करू नये, कारण या वयात अंडाशयात तशा बारीक गाठोळ्या दिसतातच. किशोरवयात अनियमित पाळी आणि पुरुषी हार्मोनची लक्षणं, दोन्ही हवीत. आता सांगा, "सगळं बंद" केल्यावर पोर खाते काय?

इंदूरकरीण:
सकाळी भिजवलेले बदाम, दुपारी काकडी-मूग, रात्री दुधीचं सूप. जाड ती कधीच नव्हती. शाळेचा कुर्ता आता कमरेला सेफ्टीपिन लावून घालते. पण वजन उतरायलाच हवं ना?

तिखट_पण_खरं:
जाड नव्हती तर उतरवायचं कशाला? वाढत्या वयात पोटात पुरेसं गेलं नाही तर मेंदू पाळीचे संदेशच थांबवतो. तिची पाळी या डाएटमुळेही लांबली असू शकते. शेवटची कधी आली?

इंदूरकरीण:
गुरुपौर्णिमेला. देवघराबाहेर बसली होती म्हणून लक्षात आहे.

तिखट_पण_खरं:
आता दसरा होऊन गेला! तीन महिने होत आले. ९० दिवसांवर पाळी गेली तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. थायरॉइड (टीएसएच), प्रोलॅक्टिन (दूध येण्याचं हार्मोन), हिमोग्लोबिन, टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) या रक्ततपासण्यांबद्दल विचारा. आणि ती काय खाते ते जसंच्या तसं सांगा, लपवू नका.

बडोद्याचा_शशी:
पण इन्सुलिनचं काय? ते मी मनाने नाही लिहिलं.

तिखट_पण_खरं:
इन्सुलिनचं बरोबर आहे, कीटोचं नाही. त्याच सूचनांत म्हटलंय की अमुकच डाएट दुसऱ्यापेक्षा सरस असं काही सिद्ध झालेलं नाही. वजन जास्त असलेल्या बाईला ते थोडं उतरल्याने फायदा होतो. ही बाई नाही, पोर आहे, आणि सडपातळ.

रामबागवाला:
अवांतर: आमच्या इंदुरात पोहे वाफेवर गरम राहतात, वर सेव, जिरावन मसाला, सोबत जलेबी. ते बंद केलं तर पोर मुंबईला निघून जाईल, भिया.

ग्वाल्हेरची_माई:
जलेबी राहू दे. पोरीला पोळी, वरण-भात, भाजी, दही दे. दूध सोसत असेल तर तेही. आणि पालक-बीट खाल्लं तरी लगेच चहा नको, चहाने लोह नीट अंगी लागत नाही. वर लिंबू पिळ.

इंदूरकरीण:
सोमवारचा नंबर लावलाय, दुसऱ्या डॉक्टरांकडे. तोवर पोळीला तूप लावलं तर चालेल का?

मेथीदाणा:
तुपाबरोबर मेथीदाण्याचं पाणी चालू ठेवा.

रामबागवाला:
भिजवलेल्या मेथ्यांची उसळ करतात का कोणी? सासूबाई करायच्या, कडूपणा कसा घालवायच्या कोण जाणे.